उघाडी कोण उघडणार?

उघाडी म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला विचारा. खारबंधाऱ्यात बसवलेलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच मिटतं. वीज लागत नाही, पहारेकरी लागत नाही. पण त्या दाराच्या फटीत एक ओंडका अडकला, की खारं पाणी आत शिरलं आणि भात गेलं.

आम्ही देवरूखकर पडलो वरचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे. आम्हाला उघाडीचं काय?

सांगतो. पण त्यासाठी आधी नेरूळला जावं लागेल.

नेरूळ आम्हाला लांब नाही. आमच्या संगमेश्वर तालुक्यात घरटी एक माणूस मुंबई नाहीतर नवी मुंबईत आहे. माझा भाचा नेरूळला असतो. त्याच्याकडे गेलो की सकाळी तो मला सीवूड्सच्या एका शाळेमागच्या तळ्यावर नेतो. शाळेच्या नावावरून लोक त्याला डीपीएस तळं म्हणतात. तीस एकर पाणी. अलीकडे इमारती, पलीकडे खाडी. आणि पाण्यात रोहित. फ्लेमिंगो म्हणा, अग्निपंख म्हणा, पक्षी तोच.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्धा तास नुसता त्याच्या चोचीकडे बघत होतो. मान खाली आणि चोच उलटी, वरची बाजू चिखलाकडे. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीतल्या बारीक कंगव्यातून गाळून बाहेर टाकायचं, शेवाळ आणि बारीक जीव तेवढे ठेवायचे. तो गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू राखाडीच असतं. पाणी चांगलं असेल तर रंग चढतो.

‘मामा, हे इथे झोपायला येतात,’ भाचा म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

ओहोटीला हे पक्षी ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल बुडतो. मग तेवढे तास उभं राहायला उथळ पाणी हवं. दिवसातून दोनदा हवं. डीपीएस तळं, एनआरआय संकुलाजवळची पाणथळ, टी. एस. चाणक्य या संस्थेजवळची पाणथळ, या त्यांच्या टेकायच्या जागा. खाडी हे स्वयंपाकघर, ही तळी म्हणजे ओसरी.

सरकारने स्वयंपाकघर राखलं. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरांचं. २०२२ साली ठाण्याची खाडी रामसर यादीत गेली. काही हंगामांत तिथे लाखाच्या वर रोहित मोजले गेले. ही कामगिरी मोठीच आहे, त्यात शंका नाही. पण ओसरी अभयारण्याच्या रेघेबाहेर राहिली.

जेवायला वाढायचं आणि पाठ टेकायला जागा द्यायची नाही, याला पाहुणचार म्हणतात?

रेघेबाहेर जे राहतं त्याचा भूखंड होतो. एनआरआयच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आणि घरं येणार होती. २०१८ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प रोखला. न्यायालयात कोण गेलं होतं? पाणथळींची जबाबदारी ज्यांच्या टेबलावर असते, ते नव्हे. तिथे राहणारे नागरिक गेले होते, पदरचा वेळ आणि पैसा घालून.

आता २०२४ चे एप्रिल-मे आठवा. डीपीएस तळं आटलं. त्या तळ्याला उन्हाळ्यात पाणी भरतीचं मिळतं, आणि भरती तर रोज येत होती. मग तळं कोरडं कसं? नेरूळच्या जेट्टीचं काम झालं तेव्हा खाडीतून आत येणारे पाण्याचे मार्ग बुजले, हे तिथले पर्यावरण कार्यकर्ते घसा कोरडा करून सांगत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर उघाडीच गाडली गेली.

मग रोहित मरून पडायला लागले. मग छायाचित्रं छापून आली. मग समिती नेमली गेली.

हाच क्रम उलटा का असू शकत नाही?

त्याच मे महिन्यात, २० तारखेच्या रात्री, दुबईहून येणाऱ्या विमानाला घाटकोपरवर रोहितांचा थवा धडकला. चाळीसच्या आसपास पक्षी गेले. वस्तीत पंख आणि पाय विखुरले होते. तळं आटलं म्हणूनच तो थवा तिकडे वळला, असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण टेकायच्या जागा कमी केल्या की पक्षी हवेत जास्त वेळ राहणार, हे कळायला पक्षितज्ज्ञ व्हावं लागत नाही. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ज्यांना पक्ष्यांचं प्रेम नाही त्यांनी विमानातल्या माणसांसाठी तरी ही तळी राखावीत.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ साली सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. पक्षी कुठे जातात, कुठे टेकतात, ते कळावं म्हणून. एकाचं नाव सलीम ठेवलं, डॉ. सलीम अलींची आठवण म्हणून. आणखी एकाचं ठेवलं ‘नवी मुंबई’.

शहराने पक्ष्याला नाव दिलं. जागा द्यायला आणखी तीन वर्षं लागली.

कारण २०२५ च्या एप्रिलात राज्याने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. ज्यांनी या तळ्यासाठी पायपीट केली, पत्रं लिहिली, रस्त्यावर मानवी साखळ्या केल्या, त्या सगळ्यांना या सदरातून नमस्कार. मनापासून. पण भरती सरकारी निर्णय वाचून आत येत नाही. तिला मोकळा मार्ग लागतो. तो गाळाने भरला की काढावा लागतो, पुन्हा भरला की पुन्हा. त्या कामाला दरवर्षी पैसे कोण देणार आणि फावडं कोण धरणार, हे ज्या दिवशी लिहिलं जाईल त्या दिवशी मी तळं वाचलं असं म्हणेन.

उरणच्या पाणजे पाणथळीची तक्रारही हीच आहे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद. म्हणजे भराव टाकायचीही गरज नाही, नुसतं दार लावून घ्यायचं आणि थांबायचं. चार उन्हाळे गेले की जमीन आपोआप कोरडी. मग म्हणायला मोकळे, इथे पाणथळ आहेच कुठे?

पाणथळ मारण्याची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. तिला आवाज नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा आहे. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला करार झाला, भारत १९८२ साली त्यात आला. २०१० साली आपण पाणथळींसाठी नियम केले, २०१७ साली ते बदलून नवे केले. उपग्रहावरून देशाच्या पाणथळींचा नकाशा झाला. एकट्या महाराष्ट्राची नोंद त्यात ४४,७१४ आहे. त्यातल्या निम्म्याच्या जवळपास सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान. लहानांचा नकाशावर नुसता ठिपका असतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळींना हात लावू नका असं बजावलं, तेही सव्वादोन हेक्टरांच्या वरच्यांना.

ठिपक्याला राखण नाही.

रामसर यादीत देशातली स्थळं नव्वदच्या पुढे गेली. महाराष्ट्राची किती? नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. तीन. तमिळनाडूची वीस आहेत. आपल्याकडे पाणी कमी आहे की अर्ज करणारे?

आता २०१७ च्या नियमांतली व्याख्या बघा. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, पाणी साचलेलं असो वा वाहतं, गोडं असो वा खारं, सगळी पाणथळच. वाचून बरं वाटतं. मग पुढचं वाक्य येतं. नदीचं पात्र वगळून. भातशेती वगळून. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेलं सगळं वगळून.

कोकणातून नदी आणि भात वगळलं तर उरतं काय? कातळ.

आणि सिंचन वगळायचं, तर महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ कोणतं, तेही जरा आठवा. नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेला सिंचनाचा बंधारा. वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि उत्तरेकडून बदकं उतरायला लागली. १९८६ साली अभयारण्य झालं म्हणून ते टिकलं. आजच्या व्याख्येच्या भरवशावर सोडलं असतं तर ‘सिंचनाचं बांधकाम’ म्हणून यादीबाहेर बसलं असतं. माणसाने बांधलेल्या पाण्यावर पक्षी उतरायचे थांबत नाहीत. मग कायदा का थांबतो?

आता घरी येऊ.

आमच्या सप्तलिंगी नदीच्या खडकांवर गणपतीच्या आगेमागे एक पाहुणा येतो. चिमणीपेक्षा थोडा लांबुळका, पाठ करडी, पोट पिवळं, शेपूट सतत वर-खाली. धोबी कपडा आपटतो तशी, म्हणून नाव करडा धोबी. हिमालयातल्या आणि त्याच्याही पलीकडच्या ओढ्यांवरून येतो. चाकरमानी अनंत चतुर्दशी झाली की बॅगा भरतो. हा मात्र शिमगा उरकूनच निघतो. धोब्यांतले काही तर दरवर्षी हिवाळ्याला त्याच जागी परततात.

तो ज्या खडकावर उतरतो तो खडक जागेवर आहे का, हे गणपतीच्या गडबडीत कोण बघतं?

रोहितासाठी शहर उभं राहिलं, कारण तो गुलाबी आहे आणि फोटोत देखणा दिसतो. आमच्या धोब्याचा, पाणलाव्याचा, तुतवाराचा फोटो कोण काढणार? पाणलावा तर कापलेल्या भाताच्या खुंटांमध्ये बसला की पाय पडेपर्यंत दिसत नाही. तपकिरी अंगावर पिवळट रेघा, जणू वाळलेला पेंढाच. पायाखालून फर्रकन उडाला की छातीत धस्स होतं. त्याला हवा असतो ओला, मऊ मळा, लांब चोच खुपसता येईल असा. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात होतं तोवर असे मळे उन्हाळ्यापर्यंत ओले राहायचे. पऱ्याला बांध घालायचा, पाटाने पाणी फिरवायचं. आता वायंगण करतो कोण? मळा पडीक, पाट बुजलेला.

शेती सुटली की पाणथळही सुटते, हे कुठल्या नकाशात दिसणार?

आणि सडे. आमच्या वरच्या अंगाचे जांभ्याचे विस्तीर्ण सडे. सातबाऱ्यावर त्यांच्यापुढे काय लिहिलेलं असतं? पोटखराबा. जूनमध्ये पाऊस लागला की याच खराब्याच्या खळग्यांत पाणी धरतं. आठवड्यात बेडूक, महिन्यात गवत, श्रावणात फुलांचा गालिचा. काही तळी परसाएवढी, काही अंगणाएवढी. ऑगस्ट सरता सरता तिथे तुतवार उतरतात, एकेकटे, काठाने टुकटुक चालत. दिवाळीनंतर तळी आटतात, तोवर त्यांचं पोट भरलेलं असतं आणि ते खाली खाडीकडे सरकलेले असतात.

ही पाणथळ वर्षातले चारपाच महिनेच जगते. म्हणून ती खोटी ठरते का? व्याख्येत ‘तात्पुरती’ हा शब्द आहे की.

आहे, पण वाचायला सडा चढून कुणी येत नाही. येतो तो जेसीबी. चिरेखाणीसाठी येतो, कलमांचे खड्डे खणायला येतो, प्लॉट पाडायला येतो. मी चिऱ्याच्या घरात राहतो आणि आंबा खातो, तेव्हा खाण नको, कलम नको असं मी म्हणणार नाही. पण अख्ख्या सड्यावर खाण काढायला जागा असताना नेमकी तळीच का फोडायची?

कारण विचारणारा नाही.

‘माणसं महत्त्वाची की पक्षी?’ हा प्रश्न आलाच. तो दरवेळी येतो. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर थांबलेलं पाणी हळूहळू खाली जिरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर येतं. त्या झऱ्यावर वाडीची विहीर असते. सड्यावरचं पाणी पावसातच चर खणून घालवलंत, तर मे महिन्यात टँकरपाशी हंडा घेऊन उभा कोण राहतो? पक्षी तर तेव्हा निघून गेलेला असतो.

खाली खाडीकाठी विचारा. ज्या चिखलात तुतवार चोच खुपसतो, त्याच चिखलात खेकडा आणि कालवं आहेत. पाण्याला पसरायला जागा राहिली नाही की काय होतं, ते २२ जुलै २०२१ ला शेजारच्या चिपळूणने पाहिलं. त्या पुराची कारणं अनेक होती, एकट्या पाणथळींवर खापर फोडायचं नाही. पण पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेतं, हे चिपळूणच्या बाजारपेठेत आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याला राखण करता येत नाही, असंही कुणी म्हणू नये. देवरायांत कोयती न्यायची नाही, हे कुणाच्या अधिसूचनेने ठरलं होतं? त्याच जुन्या झाडांच्या ढोल्यांत आज धनेश घरटं करतो. महाडजवळ वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून गावाने डोह राखला, तिथे जाळं टाकायची कुणाची हिंमत नाही. वेळासला लोकांनी कासवाची अंडी सांभाळली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने हात दिला आणि त्या किनाऱ्याचं नाव झालं. वेळासकरांकडे काय वेगळं होतं? कुणीतरी जाऊन त्यांच्याशी नीट बोललं होतं.

मार्ग कागदावरही आहेत. जैवविविधता कायदा २००२ सालचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत समिती हवी, लोकजैवविविधता नोंदवही हवी. तुमच्या गावची नोंदवही पाहिलीत? तिच्यात सड्यावरची तळी आहे? वायंगणाचा मळा आहे? नसेल तर ग्रामसभेत हात वर करून एवढंच म्हणा, ‘लिहून घ्या.’ सातबाऱ्यावर जे पोटखराबा आहे, ते निदान एका वहीत तरी पाणी म्हणून नोंदलं जाऊ दे. उद्या जेसीबी आला तर दाखवायला कागद लागतो. कोरड्या तळीवर बोट ठेवून भांडता येत नाही.

शिवाय वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे, खाजगी आणि सामाईक जमिनीसाठी. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं, निम्मी मुंबईला, दोन परदेशात. एवढ्यांची संमती मिळायची कधी? वेळ लागेल, मान्य. पण सड्याचा तुकडा विकायचा असतो तेव्हा याच तीस सह्या कशा जमतात, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

गणपतीत सगळे खातेदार गावात असतात. आरतीनंतर दहा मिनिटं पुरतील.

तोवर एक काम माझ्यापुरतं मी सुरू केलं आहे. आमच्या वरच्या सड्यावर एक तळी आहे. कुणीतरी मागे प्लॉटसाठी जेसीबीने चर मारला, हातभर रुंद, आणि तळीचं पाणी उताराला लावलं. प्लॉट झाला नाही. चर राहिला. गेल्या पावसात तळी आठ दिवस भरलेली आणि आठ दिवस रिकामी, असा खेळ चालला होता. बेडकांची पिल्लं चरात वाहून कोरड्या कातळावर आली होती, ती मी पाहिली. काळ्या दाण्यांचा सडा पडला होता नुसता.

नेरूळला वाट उघडायची आहे. इथे वाट बुजवायची आहे. जमीनवाल्यांशी बोलणं झालंय, त्यांची ना नाही. जांभ्याचे तुकडे तिथेच पडलेत, माती खालून न्यावी लागेल. सिमेंट वापरायचं नाही, दगड आणि चिखलाचा बांध पुरे. दोन रविवारचं काम, पावसाच्या आधी.

चार फावडी आहेत, घमेली आणखी दोन हवीत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी सातला देवरूखच्या एसटी स्टँडवर यावं. पाणी बरोबर आणा, वर सावली नाही.